पास चारच निघतील

सलीम, तू गेलास म्हणून वाद तू जिंकलास असं होत नाही. हे आधी सांगून ठेवतो.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. सुनंदा चहा ठेवून गेली. जाताना म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाले तरी सोडा." मी म्हटलं, त्यानं मला कधी सोडलं होतं? पडद्यावर तुझा प्रोग्राम उघडा आहे. अगदी माथ्यावर, सगळ्या ओळींच्या आधी, तुझा तो चार. अहेरीच्या दवाखान्यातून डॉक्टरबाईंचा फोन आला होता. नवीन शेड बांधून झाली, मशीनही नवं घेतलं, तर एका रुग्णामागे चारच पास ही अट आता काढता येईल का, असं विचारत होत्या. मग म्हणाल्या, "आता तुम्हालाच विचारावं लागेल ना."

म्हणजे बघ. जे करायला मी इतकी वर्षं तडफडत होतो ते करायला मला बोलावणं आलं, आणि दारात आडवा उभा राहायला तू नाहीस. असलं फुकटचं जिंकणं मला नको. म्हणून सगळं पहिल्यापासून मांडतो. शिवाय नसीमभाभींनीही सांगितलंय. परवा भेटायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ते चारचं भांडण काय होतं, एकदा लिहून द्या. आमच्या घरात जेवताना बी तेच, झोपताना बी तेच. ऐकून ऐकून कान किटले, समजलं काहीच नाई." तेव्हा तुला माहीत असलेलं पुन्हा सांगायला लागलो तर ते भाभींसाठी आहे. मध्ये बोलू नकोस.

सुरुवात तुझ्या अब्बांच्या बिछायत केंद्रापासून करावी लागेल. चंद्रपुरात, जटपुरा गेटच्या आतल्या गल्लीत खाली गोदाम. गाद्या, सतरंज्या, कनाती, भगोणी आणि स्टीलच्या ताटांच्या थप्प्या. वर आपला कॉम्प्युटर क्लास. इतर ठिकाणी कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून, थंड खोलीत, लांबून बघायची वस्तू होती, आणि आपण लग्नाच्या खुर्च्यांवर पोरं बसवून त्यांना सी लँग्वेज शिकवत होतो. शिकवणाऱ्यासाठी नवरदेवाची लाल मखमली खुर्ची होती. तू तिच्यात बसलास की शोभायचास. मी बसलो की पोरं विचारायची, सर, नवरी कुठी आहे? ऐन लग्नसराईत ती खुर्चीही भाड्यानं जायची आणि आपल्याला उभ्यानं शिकवावं लागायचं. आपले मे महिन्यातले धडे इतके आटोपशीर का असत, याचं खरं कारण ते आहे.

अब्बांकडे लग्नाची बिछायत ठरवायला कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, माणसं किती? समोरचा हात पसरून म्हणायचा, येतील तेवढी. अब्बा शांतपणे सांगायचे की येतील तेवढी ताटं माझ्याकडे नाहीत, आकडा बोल. तू त्या गोदामात वाढलास. आकडा आधी ठरला पाहिजे हे तुझ्या हाडात होतं. माझी आई मूलकडच्या एका खेड्यातली. तिच्या गावच्या जेवणावळीत ताटं मोजायची भानगडच नसे. इकडे पंगत बसत जायची आणि तिकडे मांडवाच्या कडेला बाया पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसायच्या. माणूस वाढला की पत्रावळ वाढली. जेवण उरकलं की पत्रावळ गेली गुरांपुढे. मी ते बघत वाढलो.

भाभी, भांडण एवढंच होतं. प्रोग्रामला माहिती ठेवायला जागा लागते. एक रीत अशी की लिहितानाच ठरवून टाकायचं, इतक्या जागा, आणि तो आकडा खिळा ठोकावा तसा आत ठोकायचा. कमी माणसं आली तर जागा रिकामी पडून राहते, जास्त आली तर बाहेर राहतात. याला आम्ही हार्डकोड म्हणायचो. दुसरी रीत अशी की आकडा लिहायचाच नाही. माणूस आला की मशीनकडे जागा मागायची, त्याचं काम झालं की ती परत करायची. सलीम ताटंवाला, मी पत्रावळीवाला.

मी हे असं पोरांना समजावत असलो की तू जिन्यातून ओरडायचास, "मास्तर, पानं कुठून येतात बे?"

"जंगलातून."

"अन् जंगल नाई म्हणलं तर?"

जंगल कशाला नाही म्हणेल, असं मी म्हणायचो. तू वर येऊन पोरांसमोर विचारायचास, "तुले काय लिहून देल्लं काय जंगलानं?" वर हेही सांगायचास की मास्तरांना मागून घेणं तेवढं जमतं, परत देणं नाही. यावर पोरं हसायची, कारण तुझी स्कूटर तेव्हाही माझ्याच दारात उभी असायची.

शतक संपत आलं तेव्हा साल दोनच आकड्यांत लिहिणाऱ्या प्रोग्रामांची भीती सगळ्या पेपरांत होती. मी रोज सकाळी पेपर घेऊन तुझ्यासमोर फडकवायचो. बघ म्हटलं, तुझ्या भाऊबंदांनी जागा मोजून ठेवली, आता जग थांबतंय. तू चहा पिता पिता म्हणालास की त्या लोकांकडे जागा होतीच केवढी, तेवढ्यात त्यांनी बँका चालवल्या, विमानं चालवली. "तुले स्कूटर तरी नीट चालवता येते काय?" जग थांबलं नाही. मला त्याचंही वाईट वाटलं.

पण त्याआधी अहेरी आली. एका ट्रस्टचा छोटा दवाखाना, एक डॉक्टरबाई, आणि त्यांची अडचण. एटापल्लीच्या पलीकडून रुग्ण यायचा तो एकटा कधी यायचाच नाही. खाटेवर रुग्ण, खाट धरणारे, त्यांच्या बायका, लेकरं, तांदूळ, भांडी, एखादी कोंबडी. रुग्ण परत निघेपर्यंत कोणी हलायचं नाही. आजारी माणसाला परक्या जागी सोडून जाणं त्यांच्यात बसतच नव्हतं. डॉक्टरबाईंना सोबतच्या लोकांची नोंद हवी होती. ज्याचं नाव मशीनमध्ये, त्याला पुठ्ठ्याचा पास, आणि पास असेल त्याला वॉर्डात बसायला आणि शेडमध्ये झोपायला मुभा.

प्रोग्राम कोणी लिहायचा यावर आपण नाणं उडवलं आणि मी जिंकलो. मॉनिटर बिछायतीच्या गादीत गुंडाळून आपण एसटीनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे. तू म्हणालास, नवरी आहे, जपून. त्यानं मॉनिटरला खिडकीची जागा दिली. आष्टीचा पूल गेला, आलापल्ली गेली, मी उभाच.

माझा प्रोग्राम काही महिने चालला हे तू कधी कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून इथं नोंदवतो. मग तो बाजाराचा दिवस आला. आपण दोघंही तिथंच होतो. बाजारासाठी उतरलेल्या लोकांबरोबर रुग्णही भरपूर आले होते, आणि प्रत्येकामागे त्याचं त्याचं लटांबर. मी ऐटीत मशीनसमोर. माझ्या प्रोग्राममध्ये हात आखडता नव्हता. नाव, गाव, नातं, आणि हा माणूस काय खातो तेही मी विचारत होतो. तेवढ्यात एटापल्लीकडचा जोगा त्याच्या आईला खाटेवर घालून आला. आई तापानं फणफणलेली, आणि मागे त्याचं सगळं गाव. मी नावं घेत गेलो. कुठल्याशा नावावर मशीन जे गप्प झालं ते झालं. अक्षर उमटेना, कर्सर हलेना. रुग्णाच्या भरतीचं कार्डही मशीनमधूनच निघायचं, ते जोगाच्या आईचं आत अडकलं, तिच्यामागे रांग अडकली. डॉक्टरबाईंनी शेवटी हातानं कागद लिहिला आणि म्हातारीला आत घेतलं. ती वाचली. तू माझ्या मागे येऊन उभा राहिलास आणि माझ्या कानात, अगदी हळू, म्हणालास, "जंगल नाई म्हणलं."

जागा मागण्याचं मी लिहिलं होतं. नाही मिळाली तर काय करायचं, ते लिहिलंच नव्हतं. असं काही असू शकतं हेच माझ्या स्वभावात नव्हतं.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात बसून तू तो चार ठोकलास. मी विचारलं, चारच काऊन? पाच काऊन नाई? तू वर न बघता म्हणालास, "खाटेले पाय किती राह्यते? चौघं खाट आणतात, चौघं राहतील. शेड बी नाई भरणार, मशीन बी नाई अडणार." पाचवं नाव घातलं की पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळ यायची, जागा भरली, आभारी आहोत. मी म्हटलं, माणसाला हाकलून वर आभार कसले मानतोस? तर म्हणे हाकलताना तरी नीट बोलावं.

तू जिंकलास असं सगळ्यांना वाटलं. मलाही दोन-चार महिने वाटलं. मग पुढच्या खेपेला आपण गेलो तेव्हा जोगाच्या गावचा दुसरा कोणी रुग्ण आत होता. पास चार निघालेले, आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली गाव बसलेलं. चौघं आत जायचे, रुग्णाजवळ घटकाभर बसायचे, बाहेर यायचे आणि फाटकातच पास पुढच्या चौघांच्या हातात द्यायचे. चौकीदार त्या वेळी चिंचेचा शेंडा बघत असायचा. दुपार होईपर्यंत अख्खं गाव रुग्णाला भेटून झालं होतं. मी जोगाला विचारलं, हे काय चाललंय? त्याला प्रश्नच कळला नाही. "चारच देता म्हणलं, चार घेतले," तो म्हणाला. "आता फिरवून राह्यलो."

आपण दोघं एकदमच ओरडलो. तू म्हणालास, बघ, माझा चार मोडला नाही आणि कोणी बाहेर राहिलं नाही. मी म्हणालो, घेतलं, वापरलं, परत दिलं, अरे हीच तर माझी रीत. चार असो नाहीतर चारशे, फिरतंय ना! परतीच्या गाडीत आपण इतके भांडलो की कंडक्टरनं मला उठवून पुढे ड्रायव्हरमागे बसवलं. तरी तू मागच्या सीटवरून आष्टीपर्यंत बोलत होतास. तो वाद तिथंच राहिला, सलीम. नंतरची सगळी वर्षं आपण त्याच्यावर फक्त फोडणी घालत होतो. क्लास बंद झाला, अब्बा गेले, तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, माझ्या डोक्यावरचे केस गेले, आणि तू वर्षातून दोनदा अहेरीला जाऊन मशीनची धूळ पुसून यायचास. नवीन प्रोग्राम घ्या, असं कोणी डॉक्टरबाईंना सुचवलं की त्या म्हणायच्या, हा अडत नाही.

शेवटची धूळ पुसायला गेलास आणि तिथंच छातीला हात लावून खाली बसलास. डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की चंद्रपूरपर्यंतचा रस्ता तुला झेपणार नाही, आम्हीच यावं. मी भाभींना आणि शबानाला घेऊन जीपनं आलो. तुझे दोघे भाऊ मागोमाग आले. नाकात नळी, अंगावर दवाखान्याची निळी चादर, आणि शुद्धीवर येऊन तू मला पहिलं काय विचारलंस तर, "स्कूटर कोणाच्या भरवशावर सोडून आला?"

नंतर कारकुनानं तुझं नाव मशीनमध्ये घेतलं. सोबत कोण? नसीमभाभी, दोन भाऊ, लेक शबाना. मग मी माझं नाव सांगितलं. त्यानं टाइप केलं. जागा भरली, आभारी आहोत. पोरगा बिचारा ओशाळला. "सर, हे तुमच्याच लोकांनी..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे रे कोणी ते.

दुपारपर्यंत फाटकाबाहेर जत्रा झाली. गोदामातली माणसं टेम्पो करून आली. त्या खुर्च्यांवर बसून शिकलेली पोरं आली, आता कोणी मास्तर, कोणी तलाठी, कोणी मोबाइलचं दुकान टाकलेला. एटापल्लीच्या गाडीनं जोगा उतरला, त्याच्यामागे त्याची ती म्हातारी आई, काठी टेकत, आणि त्यांच्यामागे पुन्हा सगळं गाव. मी सांगितलं नव्हतं कोणाला. चौकीदार नवा होता, चिंचेच्या शेंड्याकडे बघणारा नव्हता. पास दाखवा म्हणाला.

तो चार कुठं आहे हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. दहा मिनिटांचं काम. भाभींचा पास घेऊन मी आत आलो, विचारायला नाही, सांगायला. म्हटलं, मी तुझा चार काढतोय. बाहेर माणसं उभी आहेत.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, थकला. मग म्हणालास, "काढू नको. घाईत काढशीन अन् मशीन अडन, दुसऱ्याचं कार्ड अडन. पास फिरव." थोडा श्वास घेतलास. "अन् मास्तर, तू शेवटी ये. तू आला का बोलतच राह्यतो."

मी चौकीदाराला बाजूला घेतलं. डॉक्टरबाईंनी त्याला दुरून मान हलवली. आणि मग मी त्या फाटकात उभा राहून तुझी माणसं चार चार करून आत सोडली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. गोदामातला म्हातारा मिस्त्री बाहेर येऊन म्हणाला की सायेबांनी ताटं किती परत आली ते विचारलं. तलाठी झालेला पोरगा डोळे पुसत आला. जोगाची आई तुझ्या उशाशी बसून माडियात काहीतरी लांबलचक बोलली आणि तू मान डोलवत होतास म्हणे. तुला त्यातलं अक्षर कळलं नसणार. माझं बोलणं असं कधी ऐकलं होतंस का रे?

माझ्या मनात मुद्दे जुळवलेले होते. आष्टीच्या पुलावर अर्धवट राहिलेला मुद्दा तर अगदी धार लावून ठेवला होता. आणखीही एक गोष्ट बोलायची होती, ती मुद्द्यांतली नव्हती. जोगाच्या गावचे शेवटचे तिघं आत होते, सोबत भाभी. त्यांच्यानंतर मी. तू सांगितल्याप्रमाणे, शेवटी.

ते तिघं बाहेर आले तेव्हा त्यांच्यामागून भाभी आल्या. आपला पास त्यांनी जोगाकडे दिला. जोगानं पास माझ्या हातात दिले. चारही पास माझ्या हातात होते, आणि रांगेत पुढे कोणी नव्हतं.

ती दुसरी गोष्ट मी इथंही लिहिणार नाही. तुला इतकी घाई होती तर राहा तसाच, न ऐकता. लोक मला समजावतात की वेळ भरली होती, प्रत्येकाची ठरलेली असते. सगळ्यांनी मिळून तुझाच पक्ष घेतलाय. मी मान्य करत नाही. कोणी ठोकला तो आकडा? आणि पुढचा माणूस फाटकात उभा असताना?

जनाजा तुझ्या गल्लीतून निघाला तेव्हा मी कडेनं चालत होतो. आपला म्हणून पुढे घुसावं की नाही, कळत नव्हतं. तुझा धाकटा भाऊ मागे वळला आणि माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, या ना." डाव्या बाजूचा मागचा पाय माझ्या खांद्यावर आला. काही पावलं चाललो नाही तोच पाठीवर हात पडला, पुढचा माणूस आला. मी बाजूला झालो, तो लागला. त्याच्यामागे आणखी एक. गल्ली संपेपर्यंत तू एकाच्याही खांद्यावर फार वेळ राहिला नाहीस. पाय चारच होते, आणि अख्खी वस्ती तुला नेत होती. जोगा होता, टेम्पोवाले होते, मिस्त्री होता.

मला तिथंच ऐकू आलं, तू काय म्हणाला असतास ते. बघ मास्तर, चार पुरले. मी मनातल्या मनात म्हटलं, पुरले कारण घेणारा परत देतो. आणि थांबलो, सवयीनं, तुझ्या उत्तरासाठी. मग फेरा मारून पुढे गेलो आणि उजवीकडचा पुढचा पाय पुन्हा खांद्यावर घेतला. एकदा देऊन झाल्यावर दुसऱ्यांदा घेता येतो की नाही, मी विचारलं नाही. या वेळी पाठीवर हात पडला तरी मी लवकर सोडला नाही. परत द्यायला मला जड जातं, हे तूच गावभर सांगितलेलं आहेस.

तर आता ऐक. इतकं लिहीपर्यंत चहाचं पाणी झालं आणि मी तुझा चार काढला. ती ओळ आता नाही. तिच्या जागी प्रत्येक नावागणिक मशीनकडे जागा मागितली आहे, आणि रुग्ण घरी गेला की सगळी परत केली आहे. पण मागायच्या आधी, सगळ्यात आधी, मी दुसरंच लिहिलं. मशीन नाही म्हणालं तर कार्ड अडू द्यायचं नाही, रुग्ण आत जाऊ द्यायचा, आणि बाहेरच्याला सांगायचं, जागा भरली, आभारी आहोत. जन्मात पहिल्यांदा लिहिलं. तो भाग तुझा आहे, त्याचं श्रेय घे आणि गप्प बस.

चालतं का ते बघायला एक रुग्ण घातला. नाव सलीम, गाव चंद्रपूर. सोबत कोण? नसीम. मग दोघे भाऊ. मग शबाना. तिथं बोट थांबलं. पडद्यावर ती ओळ उमटायची वाट बघत मी कितीतरी वेळ बसून राहिलो. मग माझं नाव घातलं.

घेतलं रे त्यानं. एका अक्षराची कुरकुर नाही. पुढे जोगा घातला, त्याची आई, मिस्त्री, तलाठी. सुनंदा कप न्यायला आली, तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "माहं नाव कुठी आहे?" तिचंही घातलं. अजून विचारतंय, सोबत कोण?

उद्याच्या गाडीनं हे अहेरीला नेतोय. पाचव्या जागेवर मी बसलोय, सलीम. आता उठवून दाखव.